राहीबाईचे नऊ द्रोण

चैत्रात डोंगरावर काय मिळतं, असं कुणी विचारलं की राहीबाईचं टाळकंच सटकायचं. "काय मिळतं म्हंजी? डोळ्यांत फूल पडलंय व्हय तुमच्या?" असं ती भर बाजारात विचारायची, मग समोर तलाठी असो नाहीतर शाळेतल्या बाई. पावसाळ्यात काय, रानभाजी कुणीही आणील. बाहेर हात घातला की हिरवं हाताला लागतं, त्यात कसलं आलंय कौतुक? खरी गंमत आत्ता, उन्हाच्या तोंडाला. गवत वाळून काडी झालेलं, पायाखाली फुफाटा, वरनं ऊन भाजून काढतंय, आणि असल्यात कुठल्या झाडाला आज कोंब आलाय हे जिला न बघता सांगता येतं, ती रानातली बाई. आणि अशी बाई वाईच्या अख्ख्या बाजारात एकच होती, असं राहीबाईचं स्वतःचं मत होतं. खोटं नव्हतं ते.

धोम धरणाच्या मागल्या अंगाला डोंगराच्या कुशीत दहा-बारा घरांची एक वाडी आहे, तिथली ही. पाच वर्षांची असल्यापासून आईचं बोट धरून डोंगर चढलेली. आईनं दोन गोष्टी शिकवल्या. एक, झाड ओरबाडायचं नाही, शेंड्याचं पाखरांना सोडायचं. दुसरी, आपलं झाड कुणाला दाखवायचं नाही, प्रत्यक्ष नवऱ्यालासुद्धा नाही. राहीबाईनं दोन्ही गोष्टी इमानानं पाळल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी जोतिबाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बायकोचं भोकराचं झाड नेमकं कुठं आहे हे माहीत नव्हतं. बिचारा साधा गडी, त्यानंही कधी विचारलं नाही. लोणचं मिळतंय ना, मग झालं.

वीस वर्षं तिनं डोक्यावर पाटी वाहिली. आठवड्याला वाईचा बाजार, आणि एरवी सुरूर फाटा, जिथं महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वळतात. गाडीतनं माणसं उतरायची, मूठभर करवंदं घ्यायची, "धुतलेली आहेत का?" म्हणून विचारायची आणि निघून जायची. राहीबाईला धंद्याचं वाईट वाटत नव्हतं. तिला चुटपुट लागायची ती वेगळीच. अहो, ह्याच करवंदाची चटणी कशी होते, भोकरात बेसन भरून ते कसं परततात, हे कुणी विचारायचंच नाही. तिला स्वतः रांधायचं होतं. पान मांडावं, त्यावर वाढावं, आणि खाणाऱ्याचं तोंड बघत समोर बसावं, एवढीच तिची हौस. आता पाटीवाल्या बाईला असली हौस कोण पुरवणार?

पुरवणारा निघाला सांगलीचा.

त्याचं नाव गोमटेश. कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, घरी ऊस आणि हळद. बापाला वाटलं पोरगं शेतीतलं शिकेल, तर हा पठ्ठ्या मुंबईला जाऊन हॉटेलचं शिकला, तिथल्या एका बड्या हॉटेलात तीन वर्षं राबला, आणि खंबाटकी घाट उतरल्यावर हमरस्त्याला वडिलांची जी जागा होती तिथं भोजनगृह काढायचं खूळ डोक्यात घेऊन परत आला. अठ्ठ्याण्णव सालच्या माघात त्यानं फाट्यावर मोटारसायकल उभी केली ती बोरं घ्यायला. राहीबाई जेवत बसली होती. भाकरी आणि भोकराचं लोणचं. "हे काय आहे, मावशी?" म्हणून त्यानं एक फोड उचलली, मग दुसरी, मग अर्धी भाकरी. बघता बघता बाईचं जेवण ह्यानंच संपवलं. शरम म्हणून नाही!

"आणखी काय काय करता तुम्ही?"

राहीबाई बोटांवर मोजत सांगायला लागली. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा गोमटेश मैलाच्या दगडावर टेकला होता आणि त्याचे डोळे असे चमकत होते की राहीबाईला वाटलं, ह्याला ऊन लागलं.

पंधरा दिवसांत त्यानं तिला आपला बेत सांगितला. मुंबईच्या हॉटेलात त्यानं परदेशी पाहुण्यांचं जेवण बघितलं होतं. एकदम ताट भरायचं नाही. थोडं थोडं, नुसतं चाखायला, एकामागून एक. त्याला म्हणायचं टेस्टिंग मेनू.

"म्हंजी पोटभर वाढायचं न्हाई?" राहीबाईनं डोळे बारीक केले.

"पोट भरतं, मावशी. पण हळूहळू."

"मग निवदच म्हणा की. द्येवाला ठेवतो तसा, बोटबोट."

"तसंच समजा."

"द्येव काय बोलत न्हाई रं लेकरा. माणूस शिव्या घालंल."

पण मनात तिला गुदगुल्या होत होत्या. चैत्रातला डोंगर, अख्खाच्या अख्खा, द्रोणाद्रोणांत! रात्री तिनं जोतिबाला सांगितलं तर तो म्हणाला, "आन् जेवायला कोण येणार? माकडं?" दोन दिवस तिनं त्याला लोणचं वाढलं नाही.

आता खरी मेख पुढंच होती. जागा गोमटेशच्या वडिलांच्या नावावर, आणि शब्दही त्यांचाच. वर्धमानअण्णा म्हणजे सरळ दोरीत चालणारा माणूस. त्यांनी पोराला साफ सांगितलं, "मी येऊन जेवतो. पटलं तर ती बाई तुझं सैपाकघर सांभाळू दे. न्हाई पटलं तर अर्जुना आचाऱ्याला बरोबरच आणतोय. तो तिथंच राहील आन् पुरी-भाजी, इडली, जे चार लोक खात्यात ते करील." म्हणजे एका जेवणावर सगळं ठरायचं होतं. एक तर राहीबाईला चूल मिळायची, नाहीतर परत डोक्यावर पाटी आणि फाटा.

पाडव्याच्या आधी गोमटेशची आई, विजयमालावहिनी, सैपाकघर बघायला आल्या. राहीबाईनं मोठ्या दिमाखात तेरा जिन्नस त्यांच्यापुढं मांडले. वहिनींनी पदर सावरला आणि एकेकाला बोट लावलं.

"हे काय?"

"करांदे. थंडीत खणून ठेवलेले."

"जमिनीखालचं नको. हे?"

"मध हाय. आग्या मोहळाचा, जिवावर उदार हून काढलाय."

"मध तर नकोच. हे उंबर नको, त्यात जीव असतात. आणि ही कुड्याची फुलं, फुलंही आमच्यात चालत नाहीत."

राहीबाईचा पारा चढला. "मग तुमी खाता तरी काय वो? वारा?"

गोमटेशनं कपाळाला हात लावला. पण विजयमालावहिनी खळखळून हसल्या. "राहिलेलं सगळं खातो की," म्हणाल्या, आणि तिथंच पाटावर बसल्या. नऊ जिन्नस खाऊन उठल्या तेव्हा त्यांच्या करंगळीलासुद्धा चटणी लागली होती. जाताना पाणी दुहेरी फडक्यातनं कसं गाळायचं ते राहीबाईला शिकवून गेल्या. तेरातले चार गेले, नऊ राहिले. कांदा-लसूण पहिल्याच दिवशी गेलेला. राहीबाई म्हणाली, बरं झालं, लसणानं कुठलीही भाजी चांगली लागती, त्यात बाईचं काय कसब?

जेवणाचा दिवस ठरला एप्रिलातला शुक्रवार. गोमटेशनं कालनिर्णय पुढं घेऊन अष्टमी टाळली, चतुर्दशी टाळली, कारण त्या दिवशी अण्णांचा कडकडीत उपास. एवढी हुशारी केली. पण रंगकाम, नावाची पाटी, मोरी ह्या धांदलीत त्यानं महिनाभर घरी एक फोन केला नाही, आणि तिथंच माशी शिंकली.

बुधवारपासून राहीबाईच्या अंगात वारं भरलं होतं. कोवळी फणसाची कुयरी आणली, तिचा चीक तेलाच्या हातानं काढला. भोकरं मिठानं चोळून त्यातली चिकट बी काढली. हिरव्या करवंदांची चटणी वाटली. ओढ्याच्या ओलीवरनं आंबट पाल्याची आंबुशी खुडली, शेवग्याचा कोवळा पाला ओरपला, रायवळ कैऱ्या राखेत भाजल्या. तोरणं, ती पांढरी रानफळं, पिकली का म्हणून दोनदा वरच्या कड्याला जाऊन आली. आणि शुक्रवारी दिवस उगवायला काष्टा मारून चिंचेवर चढली. पन्नाशीची बाई! खालनं जोतिबा ओरडतोय, "अगं पडशील!" आणि वरनं ही, "पडले तर झेला की!"

चिंचेला चिगूर आला होता. चिगूर म्हणजे चिंचेचा अगदी नवा पाला, तांबूस-पोपटी, जिभेवर ठेवला की विरघळणारा. चार दिवस तो तसा राहतो. मग हिरवागार होतो, चरबट होतो, आणि वर्षभर त्याच्याकडं कुणी बघत नाही. राहीबाईनं पदराचा ओटा भरला, शेंडा पाखरांना सोडला आणि उतरली. त्या पाल्याचं तिनं भोजनगृहाच्या चुलीवर तूरडाळीत घट्ट वरण केलं. वर गुळाचा एवढासा खडा, हिरवी मिरची, जिऱ्याची फोडणी. वासानं रंगाऱ्याचा ब्रश हातात थांबला.

बाराच्या सुमाराला जीप आली. पांढरंधोट धोतर, डोक्यावर टोपी, गाळलेल्या पाण्याची आपली कळशी बरोबर, असे वर्धमानअण्णा उतरले. मागनं अर्जुना आचारी उतरला, पोट सांभाळत. त्याच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेला झारा होता. म्हणजे राहायच्या तयारीनंच आला होता गडी. तो झारा राहीबाईनं बघितला. पण ती मागं सरणारी नव्हती. तिनं पाट मांडला, पळसाच्या पानांची पत्रावळ मांडली, आणि तिच्या कडेनं नऊ द्रोण. आदल्या दिवशी स्वतः टोचलेले, एकसारखे.

अण्णा पाटावर बसले. नऊ द्रोणांवरनं त्यांची नजर फिरली, आणि त्यांनी हात जोडले.

"लय कष्ट घेतलेत तुमी, बाई. पण मला नियम हाय. महावीर जयंतीपासनं अक्षय तृतीयेपतोर दिसाला पाचच वस्तू. सकाळी पाणी झालं, दूध झालं, भाकरी झाली, तूप झालं. आता एकच राहिली."

मग गोमटेश फुटलाच. "अण्णा! सांगायचं तरी!"

"नियमाचा डांगोरा पिटायचा असतोय व्हय रं? आन् तुझ्या आईला ठावं हाय की. तू तिला फोन कवा केलास?"

गोमटेशचं तोंड एवढंसं झालं. राहीबाईनं द्रोण उचलले, एकेक करून आत नेले. तीन दिवस डोंगर पालथा घातला, झाडावर चढली, आणि हा म्हातारा म्हणतोय एक! एक कुठला खाऊन कळणार त्याला? तिला एकदा वाटलं, पळी फेकावी आणि तडक वाडीची वाट धरावी.

मागोमाग गोमटेश आत आला. "मावशी, फणस वाढा. त्यालाच सगळ्यात जास्त मेहनत आहे."

त्याच्या मागनं अर्जुना. तसा वाईट माणूस नव्हता तो. दारात टेकून म्हणाला, "मी सांगू? समदं एका पातेल्यात वता आन् ढवळा. एका भांड्यात शिजलं की एक वस्तू झाली. लग्नात आमी असल्या खटपटी लय केल्यात."

"हो! हेच करू!" गोमटेशनं पातेलं उचललंसुद्धा.

"ठिवा ते खाली!" राहीबाई कडाडली. "त्यो माणूस नियमानं वागतोय आन् मी त्याला चुना लावू? आन् माज्या करवंदाचा आन् फणसाचा काला करू? व्हा भाईर दोघंबी!"

दोघं बाहेर गेले. राहीबाई एकटीच नऊ द्रोणांपुढं उकिडवी बसली. फणस खमंग झाला होता, खरंच. भोकरं तर तिची लाडकी. पन्हं द्यावं? उन्हातनं आलाय म्हातारा, निवेल. करवंदाची चटणी? तिनं एकदा फणसाला हात घातला, परत काढला. बाहेर अण्णा थंडपणे पाटावर बसलेत, भाकरी पत्रावळीत निवतेय. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तिला स्वतःचंच हसू आलं. अगं बये, हे तर तू रोजच ठरवतेस! रोज सकाळी डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून, पाटी एक आणि झाडं शंभर, आज कुठल्या झाडाकडं वळायचं हे ती गेली वीस वर्षं ठरवत आली होती. त्यात एकदाही ती चुकली नव्हती. तिनं झटकन एक द्रोण उचलला.

अण्णांच्या पत्रावळीवर तिनं चिगुराच्या वरणाचा द्रोण ठेवला. गोमटेशनं डोळे मिटून घेतले. वरण! नऊ जिन्नसांतनं हिनं वरण वाढलं!

अण्णा जेवताना बोलत नसत, तेही व्रतच. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, तोंडात घातला. भुवया वर गेल्या आणि खाली आल्या. दुसरा घास. तिसरा. राहीबाई समोर भिंतीला टेकून बसली होती आणि त्यांच्या तोंडावरनं तिची नजर हटत नव्हती. चौथ्या घासाला अण्णांनी डोळे मिटले. द्रोण रिकामा झाला तसं त्यांनी बोटानं खूण केली, आणखी. ती वस्तू तीच होती, नियमात बसत होती. राहीबाई धावली. दुसरी भाकरी गेली, तिसरी गेली. अर्जुना हळूच गोमटेशच्या कानाशी लागला, "घरी एका भाकरीच्या वर न्हाई घेत." राहीबाईला ते ऐकू आलं आणि ती भिंत सोडून पुढं सरकली. तिसऱ्यांदा द्रोण पुसून झाला, अण्णा पाणी प्यायले, त्यांनी हात धुतले, टोपी नीट केली. एवढा वेळ लावला म्हाताऱ्यानं की राहीबाईचा जीव नुसता टांगणीला.

"बाई," अण्णा म्हणाले, "पोरगा मला फणसाचं सांगत हुता. वरण का वाढलंत?"

"आवं अण्णा, फणस थांबतो," राहीबाई म्हणाली. एकदा बोलायला लागली की ती कुणाची भीड धरायची नाही. "कुयरी आज न्हाई तर चार दिसांनी काढू. भोकरं थांबत्यात, करवंदं थांबत्यात, कैरी तर म्हैनाभर हाय. पर ह्यो चिगूर थांबत न्हाई. उद्या-परवाला त्याचा पाला हुतोय. तुमाला एकच खायचं, तर मग जे उद्या मिळणार न्हाई तेच आज वाढायचं की न्हाई?"

अण्णा म्हणजे चाळीस वर्षं शेती केलेला माणूस. कुठलं पीक आज काढायचं आणि कुठलं उभं ठेवायचं, ह्यावरच त्याचं घरदार उभं होतं.

"म्हंजी बाकीची आठ थांबत्यात?"

"थांबत्यात की."

"मग मीबी थांबतो."

गोमटेशला कळेचना. "म्हणजे?"

"म्हंजी काय? दिसाला एक. आठ वस्तू, आठ दिस. मधी अष्टमी आन् चतुर्दशी उपासाच्या, धा दिस झाले." अण्णांनी बोटांवर मोजून दाखवलं. "अर्जुना, तू जीपनं माघारी जा. हिला, म्हंजी वहिनीला सांग, धा दिसांची धोतरं धाडून दे. आन् ते सैपाकघर ह्या बाईचं हाय, तुझा झारा आत नेऊ नगंस."

घर सोडून पाहुण्यांकडंही एक रात्र न काढणारा माणूस! गोमटेशनं राहीबाईचे पाय धरायचेच बाकी ठेवले. आणि राहीबाई? तिला हसू आवरेना आणि रडू आवरेना, पदर तोंडात कोंबून ती नुसती हलत होती. मग एकदम भानावर आली. उद्या फणस वाढायचा तर तो उद्याचा ताजाच हवा, शिळा नव्हे. पहाटे निघायला लागणार. आणि दहा दिवस! तोपर्यंत वरच्या कड्याची तोरणं पिकतील, तीही घालायची. तिनं तिथल्या तिथं काष्टा घट्ट केला.

अर्जुना मात्र जागचा हलला नव्हता. झारा काखेत, नजर सैपाकघराच्या दाराकडं.

"जातो की," तो म्हणाला. "पर ते आतले आठ द्रोण वाया घालवायचे व्हय? मला कसला नियम न्हाई."

"बसा!" राहीबाई ओरडली, इतकी खूष होती ती. तिनं नवी पत्रावळ मांडली, आठही द्रोण त्याच्यापुढं ठेवले आणि समोर भिंतीला टेकून त्याचं तोंड बघत बसली. जीप चार वाजेपर्यंत निघाली नाही.